स्वतः उघडणाऱ्या खिडक्या, हलणारे पडदे, बदलणारा उजेड: आरोग्याला पोषक इमारत कशी आखावी

प्रश्न थोडक्यात असा: दीडेकशे माणसं दिवसभर बसतील अशी तीन मजली कामाची इमारत सध्या कागदावर आहे. हवा, ऊन, उजेड आणि तापमान यांना स्वतःहून प्रतिसाद देणाऱ्या सोयी तिच्यात घालायच्या आहेत, आणि आत बसणाऱ्यांची प्रकृती चांगली राहावी हा त्यामागचा हेतू आहे. काय घ्यावं, काय टाळावं आणि कोणत्या क्रमानं?

आधी क्रमाबद्दल, कारण बहुतेक प्रकल्प तिथेच फसतात. मोटर आणि सेन्सर यांची यादी शेवटी करायची असते. इमारतीचं तोंड कुठे, मजला किती रुंद, खिडकीची वरची कड किती उंच, भिंतीबाहेर सावली कशाची, हे ठरवताना चूक झाली तर पुढे बसवलेली यंत्रणा ती चूक झाकण्यातच दमते. फिनलंडमधलं पाइमिओचं क्षयरुग्णालय वास्तुकार आल्वार आल्टो यांनी १९३३ साली पूर्ण केलं, तेव्हा आजच्यासारखे सेन्सर नव्हते. तरी रुग्ण दिवसभर आडवा पडून असतो हे लक्षात घेऊन त्यांनी छताला गडद, शांत रंग दिला, दिवा डोळ्यांवर येणार नाही अशा जागी लावला आणि शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून हात धुण्याच्या भांड्याला असा उतार दिला की पाणी आवाज न करता पडावं. शरीर कोणत्या स्थितीत, किती वेळ, काय करत असेल, हे प्रत्येक खोलीसाठी आधी लिहून काढा. निम्म्या 'स्मार्ट' वस्तू तिथेच गळून पडतील. उरलेल्यांबद्दल पुढे.

सुरुवात हवेपासून करा. तब्येतीला सर्वांत जास्त फरक तिथे पडतो आणि हिशेबही सोपा आहे. बसून काम करणारा प्रौढ माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. ३० चौरस मीटरची, ३ मीटर उंचीची बैठकीची खोली घ्या, म्हणजे ९० घनमीटर हवा. दारं-खिडक्या बंद करून आत आठ माणसं बसली की तासाला १४४ लिटर, म्हणजे तासाला १,६०० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) भर. बाहेरच्या हवेत सुमारे ४२० पीपीएम असतात. तिथून १,००० गाठायला बावीसेक मिनिटं पुरतात. दीड तासाची बैठक संपेपर्यंत आकडा २,८०० च्या घरात जातो. त्याच खोलीत माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सोडली तर तो ९२० च्या आसपास स्थिरावतो. ५ लिटरच सोडली तर १,४०० च्या वर. या पातळीला कार्बन डायऑक्साइडची भीती विष म्हणून बाळगायची गरज नाही. इतरांच्या फुप्फुसांतून आलेली हवा आपण किती प्रमाणात परत घेतोय हे तो दाखवतो, आणि हवेतून पसरणारे आजार याच वाटेनं फिरतात.

या हिशेबातून नियंत्रणाबद्दल एक गोष्ट निघते. आठ माणसांना सेकंदाला ८० लिटर हवा, म्हणजे तासाला ३.२ वेळा खोलीतली हवा बदलणं. या गतीनं आकडा स्थिरावायला जवळपास तास लागतो. त्यामुळे '१,००० झाले की पंखा सुरू' असा नियम लिहिला तर यंत्रणा कायम मागेच धावते. माणूस आत आल्याचं कळताच ठरावीक किमान हवा सुरू व्हावी, ६०० पासून ती चढत जावी आणि ९०० ला डॅम्पर (हवा कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडा असावा. बैठक संपल्यावर लगेच बंद करू नका; पुढची मंडळी येण्याआधी अर्धा तास तरी हवा वाहू द्या.

सेन्सर कुठे बसतो यावर अर्धं यश अवलंबून आहे. जमिनीपासून १.१ ते १.७ मीटर उंचीवर, बसलेल्या माणसाचा श्वास थेट पडणार नाही एवढ्या अंतरावर, आतल्या भिंतीवर. दारामागे, प्रिंटरवर, ताज्या हवेच्या जाळीसमोर किंवा ऊन पडतं तिथे नको. आणि एक बारीक गोष्ट, जी नकाशात कधीच दिसत नाही: सेन्सरची तार भिंतीतल्या ज्या पाइपातून येते तो पाइप दुसऱ्या टोकाला बहुधा छताच्या पोकळीत उघडा असतो. तिथली हवा पाइपातून येऊन सेन्सरच्या डबीत शिरते आणि सेन्सर इमानेइतबारे छताच्या पोकळीतलं तापमान आणि हवा सांगत बसतो. खोलीत माणसं गुदमरतायत आणि डिस्प्लेवर ५०० पीपीएम, असं दिसलं तर आधी डबी उघडून पाहा. पाइपाचं तोंड सीलंटनं बुजवणं हे दोन मिनिटांचं काम आहे. निविदेत ते एका ओळीत लिहून ठेवा.

दुसरी अडचण सेन्सरच्या आतली. कार्बन डायऑक्साइडचे बहुतेक सेन्सर स्वतःची दुरुस्ती स्वतः करतात: साधारण आठवडाभरातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असं ते धरून चालतात. रात्री रिकाम्या होणाऱ्या कार्यालयात हे गृहीतक चालतं. जिथे चोवीस तास माणसं असतात, उदाहरणार्थ वॉर्ड, वसतिगृह किंवा रात्रपाळीची खोली, तिथे तो हळूहळू खोटं बोलू लागतो आणि दर आठवड्याला थोडा कमी आकडा दाखवतो. अशा जागी ही सोय बंद करा आणि सहा महिन्यांनी तपासणी ठेवा. तपासणीची सोपी रीत म्हणजे सेन्सर (किंवा हातातलं खात्रीचं मीटर) बाहेर मोकळ्या हवेत वीस मिनिटं ठेवून ४०० ते ४५० दाखवतो का ते पाहणं.

आता स्वतः उघडणाऱ्या खिडक्या. इथे खिडकीचं क्षेत्रफळ आणि हवा जायची वाट यांची गल्लत होते. वर बिजागऱ्या असलेली, १.२ मीटर रुंद आणि १ मीटर उंच खिडकी खालून २०० मिलिमीटर उघडली, तर समोरची फट ०.२४ चौरस मीटर आणि बाजूचे दोन त्रिकोण मिळून ०.२, एकूण ०.४४. हवा कडांवरून वळताना आकसते म्हणून याला ०.६ नं गुणायचं. उरतात ०.२६ चौरस मीटर. काच १.२ चौरस मीटरची, वाट तिच्या जेमतेम पाचव्या भागाएवढी! त्यात किड्यांची जाळी लावली, आतून पडदा सोडला किंवा शेजारचा खांब आडवा आला की आणखी घट. उंच जिन्यातून किंवा मधल्या चौकातून गरम हवा वर खेचण्याची कल्पना चांगली आहे, पण तिचा जोर किती ते जाणून घ्या: दर मीटर उंचीला आणि आत-बाहेरच्या दर अंश फरकाला ०.०४ पास्कल (हे दाबाचं माप). ८ मीटर उंची आणि ५ अंश फरक म्हणजे १.६ पास्कल. इतक्या क्षीण दाबाला बारीक जाळी किंवा आवाज अडवणारी पट्ट्यांची चौकट सहज रोखते. म्हणून जाळी खिडकीच्या चौकटीलगत ताणून लावण्यापेक्षा मोठ्या क्षेत्रफळाची, खिडकीपासून जरा दूर आणि काढून धुता येणारी हवी. धूळ बसलेली जाळी म्हणजे बंद खिडकीच.

खिडकीची साखळी-मोटर निवडताना आवाज ऐकून घ्या, कागदावर वाचून नको. हात पोहोचेल अशा उंचीवर बोटं सापडू नयेत म्हणून दाब ओळखून थांबणारी कड लागते, आणि माणूस पडू नये म्हणून खालच्या खिडक्या १०० मिलिमीटरच्या वर उघडू देऊ नका. माझ्या मते वरच्या झरोक्यांना मोटर आणि खालच्या खिडक्यांना साधी मूठ ही विभागणी सर्वांत टिकाऊ. वरचे झरोके इमारत सांभाळते, खालची खिडकी माणूस.

बाहेरची हवाच खराब असेल तर? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ साठी (अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक धूळ) चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आणि वर्षाची ५ मायक्रोग्रॅम अशी मार्गदर्शक पातळी ठरवली. रस्त्यालगतच्या इमारतीत खिडक्या आणि ही पातळी यांचं रोज भांडण होणार. त्यामुळे निर्णयांची उतरंड आधीच लिहून ठेवावी लागते: आधी आग आणि धूर, मग पाऊस आणि वारा, मग बाहेरची धूळ, मग आतला कार्बन डायऑक्साइड, आणि शेवटी तापमान. बाहेर पीएम २.५ चा आकडा ३५ च्या वर अर्धा तास टिकला तर झरोके बंद आणि फिल्टरमधून येणारी यांत्रिक हवा सुरू, असा नियम सुरुवातीला ठीक. ही दुसरी वाट नसेल तर झरोके बंद करणं म्हणजे एक त्रास देऊन दुसरा घेणं. फिल्टर आयएसओ १६८९० या मानकाप्रमाणे ईपीएम१ ५० टक्के (एक मायक्रोमीटरपर्यंतचे निदान निम्मे कण अडवणारा) किंवा एमईआरव्ही या अमेरिकी मोजपट्टीवर १३ दर्जाचा घ्या, आणि पंखा निवडताना मळलेल्या फिल्टरचा दाब धरा, कोऱ्याचा नव्हे. चौकटीभोवती फट राहिली तर महागडा फिल्टर बाजूलाच राहतो आणि हवा फटीतून जाते; म्हणून रबरी कड तपासा. धुळीचे स्वस्त प्रकाशीय सेन्सर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की धुक्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतात, तेव्हा पहाटेचे फुगलेले आकडे पाहून घाबरू नका. त्या वेळी नियमात आर्द्रतेची अट घाला.

उन्हाच्या बाबतीत पडदा काचेच्या बाहेर हवा. आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा उष्णता आत आलेलीच असते. पॅरिसच्या अरब जगत संस्थेच्या इमारतीत (वास्तुकार झाँ नुव्हेल, १९८७) दक्षिणेच्या भिंतीवर कॅमेऱ्याच्या झडपेसारख्या उघडझाप करणाऱ्या २४० चौकटी बसवल्या. देखणी कल्पना, पण हजारो बारीक हलते भाग, आणि पुढे बऱ्याचशा झडपा अडकून बसल्या. अबू धाबीच्या अल बहर मनोऱ्यांवर २०१२ साली प्रत्येकी हजाराहून अधिक छत्रीसारखे घटक बसवले. ते भिंतीपासून दूर उभे आहेत, मोठे आहेत आणि सूर्याच्या आधीच ठरवलेल्या मार्गाप्रमाणे गटागटानं हलतात. दोन्हींवरून घ्यायचा धडा असा: हलणारे भाग थोडे, मोठे आणि शिडी लावून हाताला येतील असे ठेवा. तीन मजली इमारतीला पट्ट्यांचे साधे बाह्य पडदे पुरतात.

हे पडदे नेमके कुठे बिनसतात ते जवळून पाहू. पश्चिमेची भिंत, ढगाळ दुपार. सूर्य ढगाआडून निघाला, पडदा खाली आला. चार मिनिटांनी ढग आला, पडदा वर. परत खाली. खिडकीशेजारच्या माणसाच्या कानाशी मोटर तासाला दहा वेळा गुरगुरते, आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सेन्सरवर चिकटपट्टी लावतं. त्याला दोष देऊ नका, नियम वाईट लिहिला होता. भिंतीवर पडणारं ऊन चौरस मीटरला २०० वॅटच्या वर पाच मिनिटं टिकलं तर पडदा खाली. १२० च्या खाली सलग तीस मिनिटं राहिलं तरच वर. खाली यायला चपळ, वर जायला आळशी. वारा सेकंदाला १० ते १२ मीटरच्या पुढे गेला तर पडदा गुंडाळलाच पाहिजे. नेमका आकडा पडदा बनवणाऱ्याकडून लेखी घ्या.

आणि बटण. प्रत्येक तीन-चार टेबलांमागे एक, हात पोहोचेल तिथे, दाबल्यावर दोन-तीन सेकंदांत काहीतरी हललेलं दिसेल असं. माणसानं दिलेला हुकूम निदान अर्धा दिवस टिकला पाहिजे. दहा मिनिटांनी यंत्रणा आपलंच खरं करते असं दिसलं की माणसं तिच्याशी झगडू लागतात, आणि त्या झगड्याचा ताण हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. या सगळ्या उत्तरातली एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा.

पडदा दिवसभर खाली राहिला तर बाहेरचं दृश्यही जातं. रॉजर उल्रिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. रुग्ण ४६च होते, त्यामुळे त्यावर फार मोठे मजले चढवू नयेत. पण दृश्य फुकट देता येत असताना ते झाकू नये, एवढं नक्की. पडद्याचे दोन भाग करा: डोळ्यांच्या पातळीवरच्या पट्ट्या आडव्या राहू शकतील आणि वरच्या पट्ट्या उजेड छताकडे फेकतील. रंग बदलणारी विद्युत काच दृश्य राखते, पण मोठी काच गडद व्हायला कित्येक मिनिटं घेते, आणि खाली उतरलेला सूर्य थेट डोळ्यांत येत असेल तर १ टक्का उजेड सोडणारी काचही जेमतेम पुरते. पूर्व-पश्चिमेला तिच्यासोबत साधा पडदा लागतोच.

उजेडाचं मोजमाप टेबलावर करायची सवय आहे. शरीराच्या घड्याळाला मात्र डोळ्यांवर पडणारा उजेड कळतो. डोळ्यांच्या पडद्यावरच्या ज्या पेशी हे काम करतात त्यांना ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर उजेड सर्वाधिक भावतो. म्हणून उजेड 'मेलॅनोपिक' लक्समध्ये (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप; हे त्या पेशींच्या हिशेबानं) मोजतात, आणि २०२२ मधली तज्ज्ञांची एकमतानं केलेली शिफारस आहे: दिवसा डोळ्यांपाशी किमान २५०, झोपण्याआधीच्या तीन तासांत कमाल १०, झोपेत कमाल १. आता नेहमीचं टेबल घ्या. पृष्ठभागावर ५०० लक्स, ४००० केल्विनचे (ना पिवळट, ना निळसर पांढरे) दिवे. बसलेल्याच्या डोळ्यांसमोर मीटर उभं धरलं तर साधारण २०० लक्स. मेलॅनोपिक आकडा काढायला या दिव्यासाठी ०.६५ नं गुणा, १३०. म्हणजे नियमात बसणाऱ्या टेबलावर शरीराला निम्माच दिवस दिसतो. खिडकीपासून तीनेक मीटरवर बसलेल्याला मात्र दिवसाचा उजेड हा आकडा सहज ओलांडून देतो. तेव्हा रंग बदलणारे महागडे दिवे घेण्याआधी टेबलं खिडकीकडे आणि कपाटं, प्रिंटर, भांडारखोल्या मधोमध, एवढा बदल करून पाहा. खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन-अडीच पटींपलीकडे दिवसाचा उजेड फारसा उरत नाही. मजल्याची रुंदी याच मापानं ठरवा. भिंती आणि छत फिकट ठेवलं तर डोळ्यांवर पडणारा उजेड वाढतो, तोही वीज न खाता.

बदलते दिवे घेतलेच तर बदल पंधरा मिनिटांत विरघळत जावा, टप्प्यानं उडी नको. मंद करताना दिव्याची उघडझाप पुरेशी वेगवान नसेल तर डोकेदुखीला निमंत्रण; उघडझापीची गती १,२५० हर्ट्झच्या वर, शक्यतो ३,००० च्या पुढे मागा. दिवा अगदी मंद करून फोनचा कॅमेरा त्याच्यावर धरा. पट्टे धावताना दिसले तर तो दिवा परत पाठवा.

तापमानात एकच आकडा चोवीस तास धरून ठेवू नका. खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतीत माणसं बाहेरच्या हवामानाशी जुळवून घेतात. ॲश्रे ५५ (अमेरिकी वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचं सुखद तापमानाचं मानक) मधलं सूत्र असं: बाहेरच्या अलीकडच्या दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.३१ नं गुणून १७.८ मिळवा. बाहेर सरासरी २८ असेल तर आत २६.५ सुखाचं, आणि त्याच्या खालीवर साडेतीन अंशांत बहुतेकांना चालतं. छताचा पंखा माणसाजवळ सेकंदाला ०.८ मीटर वारा देत असेल तर अडीच-तीन अंश जास्त तापमानही सुसह्य होतं. रात्री झरोके उघडून उघड्या काँक्रीटचं छत थंड करायचं असेल तर नियमात तीन अटी हव्यात: बाहेरची हवा आतल्यापेक्षा निदान ३ अंश थंड, पाऊस नाही, आणि बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं दव होतं) छताच्या तापमानाच्या खाली. तिसरी अट विसरली की पहाटे छताला दव सुटतं आणि महिन्याभरात बुरशी. आतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवा.

आवाज हा विषय लहान वाटतो, पण हवेची यंत्रणा बंद पाडणारं एक मोठं कारण तोच आहे: गोंगाट झाला की कुणीतरी पंखा बंद करतो. बैठकीच्या खोलीत यंत्रणेचा आवाज ३५ डेसिबलच्या आत, आणि खोलीत शिरणाऱ्या डक्टमध्ये (हवेच्या नळीत) हवेचा वेग सेकंदाला ३ मीटरच्या आत ठेवा.

पाण्याच्या बाबतीत स्वयंचलित म्हणजे स्वच्छ, असं धरू नका. २०११ साली जाहीर झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या तपासणीत हात पुढे करताच सुरू होणाऱ्या नळांच्या पाण्यात साध्या नळांपेक्षा लिजिओनेला हे फुप्फुसांचा आजार करणारे जिवाणू जास्त वेळा सापडले. आतल्या जास्तीच्या झडपा आणि कमी प्रवाह त्यांच्या पथ्यावर पडतो. गरम पाणी साठवताना ६० अंश, नळापर्यंत ५० च्या वर, गार पाणी २० च्या खाली, आणि न वापरलेले नळ आठवड्यातून एकदा वाहते करा. भाजू नये म्हणून मिसळणारी झडप नळाच्या अगदी जवळ लावा.

कुंड्या आणि हिरव्या भिंती मनाला बऱ्या वाटतात, तेवढ्यासाठी जरूर ठेवा. हवा शुद्ध करण्याचं काम त्यांच्यावर सोपवू नका; २०१९ च्या एका आढाव्यात वायुवीजनाशी बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असा हिशेब निघाला होता. जिना मात्र दारातून शिरताच दिसेल असा, उजेडाचा आणि लिफ्टच्या आधी येणारा ठेवा. त्याला सेन्सर लागत नाही.

निविदेआधी नियंत्रणाचे सगळे नियम साध्या मराठीत दोन-तीन पानांवर लिहा: काय मोजलं जाईल, कोणत्या आकड्याला काय हलेल, किती वेळानं, माणसाचा हुकूम किती टिकेल, आणि सेन्सर मेला तर झडप कोणत्या स्थितीत जाईल. (हवेचा डॅम्पर उघड्या, पावसातला झरोका बंद.) हे लिहिता आलं नाही तर कंत्राटदार कंट्रोलरमध्ये आधीपासून भरलेले आकडे तसेच ठेवतो. ताबा घेताना एकदाच चाचणी पुरत नाही. उन्हाळा, पाऊस, थंडी अशा तिन्ही ऋतूंत ती करा आणि कंत्राटाचा शेवटचा हप्ता बारा महिन्यांनंतरच्या चाचणीला बांधा. दर दहा मिनिटांच्या नोंदी जतन होतील आणि देखभालीच्या माणसाला त्या स्वतः उघडता येतील, ही अटही घाला. पहिल्या महिन्यात त्या नोंदींतून दोनच गोष्टी शोधा: कोणता पडदा दिवसाला आठपेक्षा जास्त वेळा हलतो, आणि कोणत्या खोलीचा कार्बन डायऑक्साइड रात्रीही ४५० च्या खाली उतरत नाही. पहिल्यात नियम बदलायचा असतो, दुसऱ्यात बहुतेक वेळा सेन्सर.